मूठभर मीठ आणि अळणी भाजी : दैनंदिन मालिका लिहिणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

लेखक मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. यातला शेवटचा तास तुम्ही घेतलात. पावणेसात झाले की बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागतात. ‘तेवढी नोंद करून घ्या हो लवकर, सुरू होईल माझी’ म्हणतात आणि सातच्या आत चपला पायात. मग उरते मी, आमचे शिपाईकाका आणि स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेली चार मुलं. याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला संध्याकाळी गोष्ट लागते, ती पुस्तकातून मिळो की पडद्यावरून. मीही आठनंतर घरी जाऊन तेच बघते.

हे पत्र मिठाबद्दल आहे.

काही महिन्यांपूर्वी तुमच्यापैकी कुणीतरी तो प्रसंग लिहिला होता. मालिकेचं नाव मी घेत नाही, कारण प्रसंग कुठल्याच एका मालिकेचा राहिलेला नाही. घरात पाहुणे येणार आहेत. धाकटी सून पहाटेपासून राबतेय. ती फोन घ्यायला बाहेर जाते आणि मोठी जाऊ स्वयंपाकघरात शिरते. कॅमेरा तिच्या डोळ्यांवर, मग मिठाच्या बरणीवर, मग पुन्हा डोळ्यांवर, ढांग ढांग ढांग. मूठभर मीठ रश्शात. पाहुणे पहिला घास घेतात, तोंड वाकडं करतात, एक जण तर पाण्याच्या तांब्याकडे धावतो. सासरे उठून जातात, सासू चार लोकांत उद्धार करते. धाकटी खाली मान घालून उभी. तिला ओट्यापाशी मोठ्या जावेच्या बांगडीचा तुकडा सापडलेला असतो, म्हणजे तिला सगळं कळलेलं असतं. पण ती बोलत नाही. घर फुटू नये म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी, मागे बासरी, आणि पुढील भागात.

आमच्या घरी सासूबाई सोफ्यावरून ओरडल्या, “अगं सांग की भवाने!”

भवानी सांगेना. पुढचे चार महिने तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वाचनालयात बाइंडिंगसाठी काढलेल्या पुस्तकांचा ढीग चाळत होते. त्यात ‘श्यामची आई’ होतीच. ती दर दोन-तीन वर्षांनी असतेच. पाठीचा कणा मोडलेली, कोपरे कुरतडलेली, कुणा पोरानं मुखपृष्ठावरच्या आईला मिशा काढलेली. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ते छापून आलं १९३५ साली. बेचाळीस रात्री, बेचाळीस आठवणी. माझ्या हातातली प्रत आपोआप उघडली ती ‘अळणी भाजी’वर. तुमच्यातल्या बहुतेकांनी शाळेत असताना वाचली असेल, तरी पुन्हा सांगते, कारण मला तुमच्या प्रसंगाशेजारी ती ठेवायची आहे.

श्यामची आई भाजीत मीठ घालायला विसरते. कुणी कट केलेला नाही, गडबडीत राहून गेलेलं असतं. वडील पहिला घास घेतात आणि त्यांना कळतं. ते काहीच बोलत नाहीत. उलट भाजी चवीनं खातात, वर वाढून घेतात. वडील बोलत नाहीत हे बघून श्यामही गप्प राहून तीच भाजी खातो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई जेवायला बसते आणि पहिल्याच घासाला तिला कळतं की आपण काय केलंय. आणि मग तिला वाईट वाटतं ते आपलं चुकलं याचंच नव्हे, यांनी हे मुकाट्यानं खाल्लं याचंही. गोष्ट संपते तेव्हा श्यामला कोडं पडतं की यात थोर कोण : बायकोचं मन दुखू नये म्हणून जिभेला आवर घालणारे वडील, की आपल्या हातून घरच्यांना नीट खायला मिळालं नाही म्हणून हळहळणारी आई.

आता मंडळी, गंमत बघा. लपवालपवी दोन्हीकडे आहे. तुमची सून लपवते, श्यामचे वडीलही लपवतात. दोघंही घरासाठीच लपवतात. म्हणजे मला तुमच्या सुनेच्या गप्प बसण्याचा राग आला, असं म्हणायला जागा नाही. मी तीन दिवस विचार केला तेव्हा फरक ध्यानात आला. श्यामच्या घरातली लपवलेली गोष्ट दहा मिनिटांत ज्याची त्याला पोचते, कारण आई त्याच पातेल्यातली भाजी खाते, तिला जीभ आहे आणि त्या जिभेला मन जोडलेलं आहे. तुमच्या वाड्यात अठरा माणसं आहेत आणि एकालाही चव नाही. नवऱ्याला सहा वर्षं बायकोच्या हातचं जेवून कळू नये की ही एवढं मीठ टाकणारी नव्हे? ज्या सासूनं तिला स्वयंपाक शिकवला, त्या सासूला?

आपल्या भाषेत यासाठी फार चांगला शब्द आहे : जाण. ‘पोराला घरची जाण आहे’ म्हणतो ना आपण, तीच. सहानुभूती म्हटलं की कुणीतरी उंचावरून कीव करतंय असं वाटतं. जाण म्हणजे बरोबरीच्या पाटावर बसून कळणं. माझं म्हणणं एवढंच आहे की गोष्टीतलं कुटुंब घट्ट होतं ते त्याग करणाऱ्यामुळे जेवढं, त्याहून जास्त तो ओळखणाऱ्यामुळे. तुम्ही त्याग करणारं पात्र रोज लिहिता, मन लावून लिहिता. ओळखणारं पात्र लिहायचं मात्र राहून जातं. नुसता त्याग आणि समोर कुणाला त्याची जाण नाही, याला आमच्याकडे हमाली म्हणतात.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. आमच्या वाचनालयाचा एक जुना वाचक आता मुंबईत संवाद लिहितो. शाळेत असताना सुट्टीत दिवसाला दोन पुस्तकं बदलून न्यायचा. दिवाळीला आला तेव्हा मी हाच विषय काढला. तो हसला. म्हणाला, “मॅडम, गैरसमज मिटला की ट्रॅक संपला. आणि ट्रॅक संपला की गुरुवारी टीआरपीचे आकडे खाली.” मग त्यानं सगळं सांगितलं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद याचे. रात्री अकराला निरोप येतो की उद्याचा प्रसंग बदललाय, कारण एका नटाला ताप आहे. पहाटे चारपर्यंत लिहायचं, नऊला सेटवर कागद हवेत. आठवड्यातून सहा भाग, कधी सात. त्याच्या डोळ्यांखाली एवढाली काळी वर्तुळं. त्याची बायको मध्येच म्हणाली, “गेल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला हा हिरो-हिरोइनच्या लग्नाचा वाढदिवस लिहीत होता.” तेव्हा हे पत्र लिहिताना तुमचं काम सोपं आहे असा माझा समज नाही. रोज पानं भरायची म्हणजे काय, हे मला त्या पोराच्या तोंडाकडे बघून कळलं.

पण ‘गैरसमज मिटला की गोष्ट संपते’ हे मात्र मला पटत नाही. माझ्या कपाटांमधली निम्मी पुस्तकं याच्या उलट साक्ष देतील.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्या. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ती भेटलेली असते अनेकांना. हामिदकडे तीन पैसे आहेत. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात, हा जत्रेतून लोखंडी चिमटा विकत घेऊन येतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटं तव्यावर पोळतात. आता यात ताण कशाचा आहे? चिमटा घेतला तिथे त्याग झाला. गोष्ट तरी पुढे ओढून नेते, कारण आपल्याला बघायचं असतं की अमीनाला हे कळतं का. ती आधी चिडते, कपाळाला हात लावते : पोर दिवसभर उपाशी फिरलं आणि आणलं काय तर चिमटा! मग तिला कळतं. सगळी गोष्ट त्या कळण्याच्या क्षणासाठी रचलेली आहे. आणि त्याच्याही आधीचं एक कळणं आहे, जे प्रेमचंद जवळजवळ जाता जाता सांगतात : चार-पाच वर्षांच्या पोरानं आजीची बोटं पाहिलेली असतात. घरात चुलीपाशी बसलेल्या म्हातारीच्या बोटांकडे कोण बघतं हो?

‘ईदगाह’ही १९३३ चीच. आणि त्याच वर्षी मराठीत तिसरं एक पुस्तक आलं, ज्यानं मोठी खळबळ उडवली. विभावरी शिरूरकर या नावानं आलेलं ‘कळ्यांचे निःश्वास’. हे टोपणनाव आहे हे उघड होतं, पण त्यामागे मालतीबाई बेडेकर आहेत हे कळायला वेळ लागला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या गोष्टी. ज्यांच्या पगारावर घर चालतं आणि म्हणूनच ज्यांच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नाही अशा मुली. एकाच वर्षी साने गुरुजी आईच्या त्यागाला नमस्कार करत होते आणि मालतीबाई विचारत होत्या की मुलीच्या त्यागावर बसून खाणाऱ्यांचं काय करायचं. मला ही दोन पुस्तकं एकमेकांविरुद्ध कधीच वाटली नाहीत. मी ती शेजारी शेजारी लावते, वर्गीकरणाचे नियम काय म्हणतात ते म्हणोत.

कारण ‘त्यागमूर्ती आई’ म्हणून जी तसबीर आपण भिंतीवर टांगली, ती पुस्तकातली नाही. पुस्तकातली आई तोंडानं खमकी आहे. सावकाराचा माणूस ओसरीवर बसून वाटेल ते बोलतो तेव्हा ती घरातून बाहेर येऊन त्याला असं सुनावते की वाचताना आजही अंगावर काटा येतो. मुलगा खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो, तर ती कौतुक करण्याआधी पैसे कुठून आणलेस ते विचारते. आणि तिच्या घरात सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. भाऊबंदकी आहे, राहतं घर सोडून झोपडीत राहायला जाणं आहे, कर्ज आहे, जप्ती आहे. तुमच्या दोन वर्षांच्या मालिकेत मावणार नाही एवढं ‘मटेरियल’ आहे. फक्त त्यात मीठ टाकणारी जाऊ नाही. परिस्थितीच एवढी खारट की आणखी कुणी मीठ टाकायची गरजच पडलेली नाही.

‘आनंदाची दिवाळी’ नावाचं प्रकरण आहे त्यात. आई भाऊबीजेला मिळालेल्या पैशांतून नवऱ्यासाठी नवं धोतर आणते, कारण त्याचं जुनं पार विरलेलं आहे. भावाची ओवाळणी म्हणजे बाईचे स्वतःचे, हक्काचे, कुणाला हिशेब न देण्याचे पैसे. सासरी राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा, त्या पैशांची ऊब काय असते ते. वाचताना मला दरवेळी त्या धोतराच्या आधीचा क्षण दिसतो. नवरा फाटकं धोतर गाठ मारून, घडी बदलून नेसतो आणि बायको ते बघते. तो बोललेला नाही. हिनं बघितलंय. मी तुमच्या जागी असते तर धोतर घेण्याचा प्रसंग दोन ओळींत उरकला असता आणि गाठीकडे बघण्याचा प्रसंग लिहिला असता. बासरीही चालेल तिथे, माझी हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, या सगळ्या जुन्या आणि सोज्वळ गोष्टी. बरं, मग ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. महेश एलकुंचवारांचं नाटक, १९८५ साली रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत, तेराव्याला गाव जेवलं पाहिजे आणि घरात पैसा नाही. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर. तुमच्या मालिकांमधले वाडे दिसायला असेच, फक्त तिथे भिंतींना रोज नवा रंग. या घरात एक चंदू आहे. धाकटा भाऊ. शिक्षण नाही, लग्न नाही. म्हातारीचं तोच बघतो, ओझी तोच वाहतो, हाक मारली की तोच येतो. त्याच्या पायाला जखम झालेली आहे. ती चिघळत राहते, हा लंगडत राहतो, आणि घराचं तेराव्यावर, दागिन्यांवर, वाटणीवर बोलणं चालूच असतं.

निःस्वार्थ माणूस म्हणाल तर या नाटकात चंदूइतका कुणी नाही. पण त्याच्या निःस्वार्थानं घर सावरतं का? उलट. सगळ्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की तो दिसेनासा होतो. वाडा कोसळतोय तो कर्जानं आणि कूळकायद्यानंतरच्या रिकाम्या प्रतिष्ठेनं, हे खरंच. पण मला तो चंदूच्या पायापासून कोसळताना दिसतो. आणि एलकुंचवार इतके निष्ठुर लेखक की ते कुणाला खलनायक ठरवून आपल्याला मोकळं करत नाहीत. थोरल्या भावाची बायको, वहिनी, मध्यरात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून उभी राहते, तेव्हा ती लोभी वाटावी की कीव यावी, कळत नाही. आयुष्यभर या घराला दिलं आणि एवढंच एकदा अंगावर घालून बघितलं.

‘नटसम्राट’बद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. आप्पांनी सगळं मुलांना वाटून टाकलं तिथेच लोक टाळ्या वाजवायला लागतात आणि पुढे मुलांना शिव्या घालतात. मी तीनदा बघितल्यावर मला वाटायला लागलं की आप्पांनीही देताना कुणाला काय हवंय ते विचारलं नव्हतं. दिलं ते रंगमंचावर दिल्यासारखं. शेवटी त्यांना सांभाळतो तो रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला पोरगा. त्याच्याकडे द्यायला काय होतं? बाजूला सरकून दिलेली जागा.

आणि ‘श्वास’. २००४ मध्ये या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवण करून दिली होती की मराठीला आधीचं मिळालं ते पन्नास वर्षांपूर्वी, अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. पन्नास वर्षांच्या दोन टोकांना दोन गोष्टी आणि दोन्ही घरातल्या मायेच्या. ‘श्वास’मधल्या लहानग्या परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे. डोळे काढले तर जीव वाचेल. हे आजोबांना कळलंय, पोराला सांगायचंय. मालिकेत हे गुपित किती महिने चाललं असतं याचा अंदाज तुम्हीच करा. तिथे डॉक्टरच सांगतात की पेशंटला माहीत असलं पाहिजे. मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा पोराला घेऊन हॉस्पिटलमधून निघून जातात, शहर दाखवायला. डोळे असेपर्यंत जे दाखवता येईल ते. कुणालाही न विचारता केलेली, नियमांना धरून नसलेली ही गोष्ट बघताना सगळं थिएटर रडत होतं, मीही. त्यात आजोबांनी काय त्यागलं? काहीच नाही. त्यांना फक्त कळलं की आत्ता या पोराला काय हवंय.

आता तुम्हाला घरचं सांगते. सासूबाईंची परवानगी घेऊन सांगते.

आमच्या सासूबाई आठची मालिका चुकवत नाहीत. मी वाचनालय बंद करून सव्वाआठला पोचते. दारात पाय ठेवला की पहिल्या पंधरा मिनिटांत काय झालं ते त्या मला सांगतात. खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग यायचा. दिवसभर लोकांच्या गोष्टी, घरी आल्यावर पुन्हा गोष्टी. मी ‘हो का’, ‘अगं बाई’ करत कुकर लावायची.

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. तो टीव्हीसमोरच गृहपाठाची वही घेऊन लोळायचा. कधीतरी त्यानं नवंच सुरू केलं. मालिका चालू असताना मोठ्यानं सांगत बसायचा : “आजी, आता ती निळ्या साडीवाली आली. तिनं पाकीट उशीखाली ठेवलं. आता तो दारात उभा आहे, पण तिला दिसला नाही.” क्रिकेटचं समालोचन करावं तसं. घरातल्यांना वाटलं, टवाळकी करतोय. एकदा तर ह्यांनी त्याला दटावलं, “आजीला बघू दे की शांतपणे!” पोरगा गप्प बसला. दोन मिनिटांनी सासूबाई हळूच म्हणाल्या, “कोण आलं रे?”

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वर्षभर त्यांना पडद्यावर नुसते रंग हलताना दिसत होते. आवाजावरून ओळखून, वाजणाऱ्या संगीतावरून ताडून त्या गोष्ट जुळवायच्या आणि मला सांगायच्या. बोलल्या का नाहीत, तर त्या वर्षी घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते आणि मुलाच्या क्लासची फी भरली होती. “एवढं काय त्यात, ऐकू तर येतंय,” म्हणाल्या.

मी मुलाला विचारलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, “आजी रिमोट उलटा धरते.” मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, “तिनं सांगितलं नव्हतं ना.”

मंडळी, मी साहित्य वाचते, त्यावर भाषणं ऐकते, वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाला व्याख्यानं ठेवते. एकोणीस वर्षं गोष्टींच्या कपाटांमध्ये काढलेल्या मला जे दिसलं नाही, ते गृहपाठाला कंटाळलेल्या बारा वर्षांच्या पोराला दिसलं. त्यानं गाजावाजा केला नाही, आजीचं गुपितही फोडलं नाही. तिला जे हवं होतं तेवढंच तिला रोज रात्री दिलं. आणि आता मला वाटतं, त्या मला रोज पहिली पंधरा मिनिटं सांगत होत्या, त्यातही काहीतरी होतं. मी उशिरा येते, माझी सुरुवात चुकते, एवढंच त्यांच्या मनात असणार. मी ‘हो का’ करत होते.

म्हणून मालिकांमुळे घरं बिघडतात वगैरे जे लोक लिहितात, त्यांच्या यादीत माझं नाव घालू नका. आमच्या घरी हे कळलं ते तुमच्या मालिकेपायीच. पण असला एक पोरगा तुमच्या वाड्यातही सोडा की. अठरा माणसांत एक. त्यानं रस्सा चाखावा, मोठ्या काकूकडे बघावं, धाकट्या काकूकडे बघावं, आणि काही न बोलता पाहुण्यांच्या पानात दह्याची वाटी ठेवावी. पुढचा भाग त्यावर काढा. मोठ्या जावेला कळलंय की त्याला कळलंय. धाकटीला अजून कळलेलं नाही की कुणालातरी कळलंय. यात चार महिने निघतील, मी लिहून देते. गुरुवारचे आकडे काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या सोफ्यावरून ‘सांग की भवाने’ ऐकू येणार नाही याची खात्री देते.

आणि मोठ्या जावेलाही कधीतरी विचारा, बाई गं, तुझं काय दुखतंय? सणाच्या दिवशी भरल्या घरात मिठाच्या बरणीपर्यंत जाणारी बाई सुखात नसते. तिचं एखादं धोतर, एखादी ओवाळणी कुणीतरी कधीतरी गृहीत धरलेली असणार. वहिनींना मध्यरात्रीचा एक प्रसंग एलकुंचवारांनी दिला. तुम्ही हिला आयलायनर दिलंय.

सासूबाईंचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर झालं. आधी एक डोळा, मग महिन्याभरानं दुसरा. हिरवी पट्टी, काळा चष्मा, थेंब सगळं यथासांग. टीव्ही बघायची परवानगी मिळाली त्या रात्री आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो होतो, जणू सामना आहे. आठ वाजले. तुमची नायिका पडद्यावर आली. वर्षभर सासूबाईंनी तिचा फक्त आवाज ऐकला होता. त्यांनी चष्मा सारखा केला, पुढे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर केवढीशी पोर आहे! हिला कशाला एवढं लावता रे?”

आपली,
एक ग्रंथपाल

ता. क. सासूबाईंनी विचारायला सांगितलंय की त्या ट्रंकेतलं पत्र शेवटी कुणाच्या हाती लागणार? तुम्ही वीस वर्षांची लीप घेणार असं ऐकलं. त्यांना एकोणऐंशी पूर्ण झालीत, तेव्हा आधीच कळवलंत तर बरं होईल. कुणाला सांगणार नाही म्हणाल्या.